पोटगी थकलीय, नोकरी गेलीय, त्यात टीबी: गप्प बसू नकोस

पत्र असं आहे: "मावशी, वय ३८. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत नऊ वर्षं सीएनसी ऑपरेटर होतो, पगार साडेवीस हजार. जानेवारीत ऑर्डर कमी झाल्या म्हणून आम्हा अकरा जणांना काढलं. खोकला दिवाळीपासून होता, मार्चच्या शेवटी टीबी निघाला, महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत. घटस्फोट झालाय, मुलगी नऊ वर्षांची, आईजवळ साताऱ्याला असते. १२५ च्या केसमध्ये पुण्याच्या फॅमिली कोर्टाने २०२१ ला मुलीसाठी महिना ६००० पोटगी लावली, एकही महिना चुकवला नव्हता. जानेवारी-फेब्रुवारी साठवलेल्यातून दिले, मार्चपासून चार महिने थकले. आता तिच्या वकिलाची नोटीस आलीय. एक मित्र म्हणतो खिशात नाही तर कोर्ट काय घेणार, दुसरा म्हणतो महिनाभर आत जाऊन ये, सगळं माफ होतं. आजाराचं मी तिकडे कुणालाच सांगितलेलं नाही, लाज वाटते. मुलगी फोन करते, मी उचलत नाही, काय बोलू तिच्याशी. मार्ग सांगा."

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना नोटिशीवर अडकले, दुसऱ्यांदा त्या फोनवर. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, रागावू नकोस.

कोर्टाचं नंतर बोलू. आधी एक सांग, दिवाळीच्या सुट्टीत मुलगी तुझ्याकडे राहायला आली होती का? कारण खोकला तेव्हापासून होता असं तूच लिहिलंयस. आली असेल, एका खोलीत चार-आठ दिवस तुझ्याजवळ झोपली असेल, तर तिची तपासणी व्हायला पाहिजे आणि ती आजच्या आज तिच्या आईला कळायला पाहिजे. पेशंटच्या जवळ राहिलेल्या माणसांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी सरकारी टीबी कार्यक्रमात फुकट होते, आणि गरज वाटली तर आजार होऊच नये म्हणून औषधाचा कोर्सही देतात. साताऱ्यात सरकारी दवाखान्यात होईल. बहुतेक काही निघणार नाही. पण तू लाजेपायी गप्प राहिलास आणि उद्या पोरीला खोकला लागला तर ती गोष्ट तू स्वतःला कधीच माफ करणार नाहीस, हे मी तुला ओळखत नसतानासुद्धा सांगू शकते, कारण ज्या माणसाने तीन वर्षांच्या वर एक महिना चुकवला नाही तो कसा असतो ते मला कळतं.

आणि टीबीत लाज कसली रे, हवेतून होणारा आजार आहे. नियमित गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याची शक्यता खूप कमी होते, तुला तर अडीच महिने झालेत. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, म्हणजे सप्टेंबरअखेर. मुलीला कधी भेटू हे डॉक्टरांना विचार आणि भेट. फक्त बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

आता ते दोन मित्र. दोघांनीही वाईट हेतूने सांगितलं नसेल, पण दोघंही चुकलेत.

पहिल्याचं बघ. खिशात नाही तर कोर्ट काय घेणार. पण कोर्टाची ऑर्डर म्हणजे मीटर चालू असल्यासारखं आहे, तुझी नोकरी गेली म्हणून तो आपोआप थांबत नाही, तुला टीबी झाला म्हणूनही नाही. दर महिन्याला ६००० चढतच राहतात, कोर्टाने स्वतः ऑर्डर बदलेपर्यंत. आज २४ हजार आहेत, दिवाळीपर्यंत ५० च्या आसपास जातील. आणि मागचं साचलेलं नंतर कोर्ट सहजासहजी पुसत नाही. आकडा कमी झालाच तर साधारणपणे तू अर्ज केलास त्या दिवसापासून पुढचा होतो, म्हणून तू अर्जाविना काढलेला प्रत्येक महिना तुझ्याच डोक्यावर बसतोय.

दुसऱ्याचं तर अजिबात ऐकू नकोस. वसुलीच्या अर्जावर कोर्ट वॉरंट काढतं, आणि ऐपत असून दिलं नाही असं दिसलं तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत आत टाकू शकतं, हे खरं आहे. पण आत जाऊन आल्याने पोटगी फिटत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच कुलदीप कौरच्या केसमध्ये स्पष्ट सांगून ठेवलंय की जेल हा पैसे वसूल करायचा मार्ग आहे, पैसे फेडायचा नाही. म्हणजे टीबीच्या अंगाने बराकीत राहून यायचं आणि बाहेर आल्यावर २४ हजार तसेच्या तसे उभे.

आता जे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते सांगते. पगार साडेवीस हजार होता म्हणतोस. म्हणजे ईएसआयच्या, सरकारी कामगार विम्याच्या, २१ हजारांच्या मर्यादेत, म्हणजे तुझ्या पगारातून ईएसआय कापला जात असणार. जुनी पगार स्लिप काढ आणि बघ. कापला जात असेल तर तुझं उत्पन्न आज शून्य असायचं काही कारणच नाही! आजारपणात ईएसआय पगाराच्या ७० टक्के देतं, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. टीबी तर त्यांच्या लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, त्यात सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेसे हप्ते भरलेले असतील तर ९१ दिवस संपल्यावर ८० टक्क्यांनी पुढेही मिळतं, आणि तुझी तर नऊ वर्षं झालीत. आणि नोकरी सुटली म्हणून त्या दिवशी हक्क संपत नाही, कारण आधी भरलेल्या हप्त्यांवर पुढचे काही महिने चालू राहतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढचं जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यांवर जुलै ते डिसेंबर, असा त्यांचा हिशोब असतो. तू जानेवारीत सुटलास, मार्चमध्ये आजार निघाला, दोन्ही बाजूंनी तू हिशोबात बसतोयस असं मला दिसतंय.

पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि तू औषधं घेतोयस महापालिकेकडून. औषधं तिथूनच चालू ठेव, पण उद्या सकाळी ईएसआय कार्ड, टीबीचं ट्रीटमेंट कार्ड, एक्स-रे आणि थुंकीचा रिपोर्ट घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा, तुला चिंचवडचं मोहननगरचं हॉस्पिटल जवळ पडेल. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मिळवणं फार कटकटीचं असतं म्हणून उद्या म्हणजे उद्याच, सोमवारी नाही. नंतर तेच कागद घेऊन ब्रँच ऑफिस. तिथल्या खिडकीवर हेही विचार की नोकरी गेलेल्यांसाठीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तुला लागू होते का. ७० टक्के म्हणजे तुझ्या बाबतीत महिना १४ हजारांच्या आसपास. कळतंय का तुला, मुलीची पोटगी आणि तुझं खोलीभाडं यातून निघण्यासारखं आहे.

ग्रॅच्युइटीचं तू एक अक्षर लिहिलं नाहीस. नऊ वर्षं झाली म्हणजे ती तुझी हक्काची आहे. बेसिक आणि डीए मिळून समज १३ हजार असेल तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९, होतात ६७,५००. तुझी थकबाकी २४ हजार. कंपनीने दिली नसेल तर लेखी अर्ज कर आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घे, तोंडी मागू नकोस. पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात, पण तो शेवटी ठेव, म्हातारपणाचा आहे. आणि टीबीच्या प्रत्येक पेशंटला सरकार निक्षय पोषण योजनेत महिना १००० रुपये बँकेत देतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. तुझे जमा होतायत का बघ, नसतील तर दवाखान्यातल्या टीबीच्या सिस्टर किंवा सुपरवायझरला अकाउंट नंबर परत दे. ते तुझ्या अंडी-डाळीचे आहेत, पोटगीत घालू नकोस.

आता कोर्ट. १२५ कलम म्हणून आपण ज्याला म्हणतो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, वसुलीचं १४७, आणि तुझ्या कामाचं आहे ते १४६. परिस्थिती बदलली तर पोटगीचा आकडा बदलून मागायचा अर्ज. (जुन्या कायद्यात हेच १२७ होतं, तुझा वकील अजून १२७ म्हणाला तर गोंधळू नकोस.) ज्या कोर्टाने ऑर्डर दिली तिथेच, म्हणजे शिवाजीनगरला. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नकोस, त्याच भागात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, तू आज त्यात बसतोस. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

अर्जाबरोबर उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून सुप्रीम कोर्टाने हे दोन्ही बाजूंना सक्तीचं केलंय, ती केस आपल्या नागपूरच्याच फॅमिली कोर्टातून वर गेलेली. त्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये खरं लिही. बाईक आहे तर आहे लिही, ईएसआयचे पैसे मिळणार असतील तर तेही लिही. बाईक भावाच्या नावावर कर, सेव्हिंग आईच्या खात्यात टाक असलं कुणी सुचवेल, कोर्टात बँक स्टेटमेंट मागवलं की दोन मिनिटांत उघडं पडतं आणि मग तुझा खरा टीबीसुद्धा खोटा वाटायला लागतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, तुला खोटी आशा लावायची नाही. नुसतं "नोकरी गेली" म्हणून कोर्ट हलत नाही. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना पण बायकोमुलांना पोसलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने परत परत सांगितलंय, अगदी २०२२ च्या अंजू गर्गच्या निकालातही. आणि मला ते बरोबर वाटतं, कारण नोकरी गेल्याचं नाटक करणारे बाप काही कमी नाहीत, त्यांच्यामुळे तुझ्यासारख्याकडेही आधी संशयाने बघितलं जातं. तुझा फरक एवढाच की तू आज धडधाकट नाहीस आणि ते कागदावर दाखवू शकतोस. म्हणून कागद जमव: कामावरून काढल्याचं लेटर, ट्रीटमेंट कार्ड, आणि डॉक्टरकडून दोन ओळी की जड काम किती महिने करायचं नाही. खोलीच्या भाड्याचा करार आणि २०२१ पासूनचं बँक स्टेटमेंट, ज्यात दर महिन्याला तिला गेलेले ६००० दिसतायत. ते स्टेटमेंट तुझा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे.

आणि मागायचं काय? पोटगी बंद करा असं मागू नकोस. नऊ वर्षांच्या मुलीची भूक बंद होत नाही. माग एवढंच की कोर्स संपून कामाला लागेपर्यंत, समज सहा-आठ महिने, रक्कम अमुक इतकी करा आणि थकलेले २४ हजार हप्त्याने भरू द्या. अमुक म्हणजे किती ते ईएसआयचं काय होतं त्यावर ठरव. १४ हजार हातात आले तर कदाचित चार-साडेचार तू देऊ शकशील. मुलीची आई कमावती आहे का ते तू लिहिलं नाहीस. असेल तर कोर्ट तेही बघतं, पण त्यावर भांडण उभारू नकोस, ती गेले चार महिने एकटी निभावतेय.

आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत हात बांधून बसू नकोस. दर महिन्याला काहीतरी पाठव. हजार असले तर हजार. यूपीआयने पाठव आणि खाली रिमार्कमध्ये लिही "मुलीची पोटगी जून". रोख कधीच देऊ नकोस, मेव्हण्याच्या हाती तर नाहीच. फ्रॉक, सायकल, वह्या घेऊन दिल्या तर ते बापाचं प्रेम आहे, पोटगीत धरत नाहीत. भेटू देत नाहीत म्हणून पैसे अडवायचे हेही करायचं नाही, दोन वेगळे विषय आहेत. आणि लोन अ‍ॅपवरून कर्ज काढून पोटगी भरू नकोस, मी हात जोडते, त्या फोनवरच्या धमक्या तुला टीबीपेक्षा लवकर खातील.

थोडं म्हणजे किती थोडं, याची लाज वाटत असेल तर माझ्या घरातलं सांगते. माझे वडील लालबागला गिरणीत होते, आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन कोरेगावकडे मामाच्या गावात. ते दोघं वेगळे झालेले, कोर्टाने पोटगी लावलेली, दर महिन्याला ६० रुपयांची मनीऑर्डर यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर बंद. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल न थांबवता जायचा आणि आई चुलीपुढे बसूनसुद्धा सायकलचा आवाज ओळखायची. मी तेव्हा अकरा वर्षांची, मला वाटायचं दादा, म्हणजे वडील, आम्हाला विसरले. एप्रिलमध्ये १५ रुपये आले. खालच्या कूपनवर पेन्सिलीने लिहिलेलं, "संप चालू आहे. एवढेच आहेत. पोरांना सांगणे." आई पैशांवर काही बोलली नाही. म्हणाली, "हे फेब्रुवारीत लिहायला काय झालं होतं?" ते कूपन तिने कोर्टाच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं, ती गेल्यावर मला तिथे सापडलं, पेन्सिल पुसट झालीय पण वाचता येतं.

म्हणून तिच्या आईला आज मेसेज कर. वकिलाच्या नोटिशीला उत्तर वकीलच देईल, ते वेगळं. हा मेसेज तू कर, मी लिहून देते, तुझ्या शब्दांत बदल, आणि दिवाळीत मुलगी तुझ्याकडे आली नसेल तर ते वाक्य गाळ: "जानेवारीत नोकरी गेली, मार्चमध्ये मला टीबी निघाला, औषध चालू आहे, आता बरा होतोय. दिवाळीत ती माझ्याकडे होती तेव्हा मला खोकला होता, म्हणून तिला एकदा दाखवून घे, सरकारीत फुकट होतं. आधी सांगायला हवं होतं, चुकलं. पैसे बुडवायचे नाहीत, ईएसआय आणि ग्रॅच्युइटीचं करतोय, कोर्टात रक्कम तात्पुरती कमी करायचा अर्ज पण करणार आहे, तुला बाहेरून कळू नये म्हणून सांगतोय. या महिन्याचे हजार पाठवलेत." बस. यात जुनी भांडणं नकोत, "तुझ्यामुळे झालं" नको, सहानुभूती मागणंही नको. ती चिडून उत्तर देईल, कदाचित देणारच नाही. चालेल. हा मेसेज उद्या तुझ्या बाजूचा कागदही आहे.

ती मऊ झाली आणि म्हणाली की राहू दे, सहा महिने तीन हजार दे, तर आनंदाने हो म्हण, पण त्यावर थांबू नकोस. तोंडी ठरलेलं ऑर्डर बदलत नाही, उद्या बिनसलं तर कागदावर ६००० च आहेत. दोघांच्या सह्यांनी पुरसिस, म्हणजे काय ठरलं त्याचं लेखी निवेदन, कोर्टात द्या आणि तशी ऑर्डर करून घ्या. फॅमिली कोर्टात समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बसून हे एक-दोन तारखांत होऊ शकतं. आणि कोर्टाच्या तारखेला गैरहजर राहू नकोस, ताप असला तरी वकिलाला आधी कळव. न येणाऱ्या माणसाला लपणारा समजतात आणि वॉरंट तिथूनच निघतं.

आता फोन. पोरीने केला की उचल. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं सांगायचं नसतं, पण खोटंही सांगायचं नसतं. "बाबाला खोकल्याचा आजार झालाय, गोळ्या घेतोय, म्हणून भेटायला आलो नाही, डॉक्टर हो म्हणाले की येतो." पैशाचं तिच्याशी बोलू नकोस, तिने विचारलं तरी "ते मी आणि आई बघतो" म्हण. मग ती शाळेचं काहीतरी सांगायला लागेल, नवीन बाई कशा आहेत, कोण शेजारी बसतं. ते ऐक.

आज मेसेज, उद्या ईएसआय, या आठवड्यात विधी सेवाचं ऑफिस. साताऱ्याहून तपासणीचा रिपोर्ट आला की मला दोन ओळी टाक, तोपर्यंत माझा जीव तिकडे लागलेला राहील.